वाटा

केटरिंगच्या चौकात वर्षातून एकदा फ्रेंच बाजार येतो,
गुरुवार ते शनिवार.
पट्ट्यापट्ट्यांचे मांडव, बँकेच्या दारापर्यंत लसणाच्या वेण्या,
आणि न्हाणीघरातल्या घंगाळाएवढं एक पातेलं,
ज्यात बटाटे आणि चीज दिवसभर रटरटत असतात.
पाऊसही येतो. तो मात्र इथलाच.

ड्युटी संपवून निघाले होते,
अंगावर केअर होमचा निळा डगला,
हाताला मिसेस प्लमरिजच्या पावडरीचा वास.
घ्यायचं काहीच नव्हतं.
बाजारात तसंच जायचं असतं.

साबणाच्या वड्यांशेजारी टोपलीत पडली होती
फ्रिजला लावायची मॅग्नेटं.
मी उचललं ते काडेपेटीएवढं,
त्यात एक अख्खं दुकान: लाल-पांढरं छत,
वांगी, गाजरं, पावाचे सोटे, चीजची चाकं,
कोपऱ्यात मोहरीएवढ्या लिंबांची टोपली.
वर वळणदार अक्षरं. मी वाचलं, मार्च.
शेवटच्या अक्षराला कुणीतरी तीट लावली होती.

'अडीच पौंड,' बाई म्हणाली.
'दोन,' माझ्या तोंडून गेलं.
बावीस वर्षांत या देशात
मी एकदाही घासाघीस केली नव्हती.
ती थांबली. रेनकोटची टोपी मागे सारली.
मग ओळख पटल्यावर हसतात तशी हसली,
आणि तिचं मोडकं इंग्रजी माझ्या मोडक्या इंग्रजीला म्हणालं,
'दोन वीस.'
पुडी बांधता बांधता तिने
काडीला टोचून एक ऑलिव्ह पुढे केलं.
त्याचे पैसे नाहीत.
वर.

माझी आई गडहिंग्लजच्या बाजारात लिंबं विकायची.
गोणपाटावर पाच-पाचाचे वाटे.
भाव ठरला, पैसे मोजून झाले,
गिऱ्हाईक पिशवीचं तोंड आवळायला लागलं
की ती सहावं टाकायची, न बघता,
जणू हातातून सुटलंच.
मी विचारलं होतं, मग सहाचाच वाटा का लावत नाहीस?
'मग ते इकल्यात जमा,' ती म्हणाली.
'दिल्यात काय ऱ्हायलं?'

इथे सुपरमार्केटात मशीन बोलतं.
पिशवीत न मोजलेलं काही पडलं
की लाल दिवा लावून माणसं बोलावतं.

घरी हे म्हणाले, एवढंसं, आणि दोन वीसला?
मग मार्च लिहिलंय म्हणून त्याखाली
मार्चचंच सगळं अडकवू लागले:
कौन्सिल टॅक्सचं पत्र, गाडीची तपासणी,
डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख.
दीड वर्षाने मृण्मयी सुट्टीला आली,
दुधासाठी दार उघडता उघडता म्हणाली,
'मम्मी, ते मार्शे आहे. मार्शे म्हणजे बाजार.'
ती तीट नव्हती, उच्चाराची खूण होती.
ह्यांनी पत्रं काढली नाहीत.
'असू दे. पैसे जायचे ते तिथेच जातात.'

चुंबक तसा अशक्त.
एक कागद धरतो. दुसरा लावला
की दुकानासकट घसरत घसरत
खालच्या दाराच्या फटीशी येऊन थांबतो.
रात्री पाणी प्यायला उठले की मी त्याला वर सरकवते.

छताखाली माणूसच नाही, हे फार उशिरा लक्षात आलं.
तराजू नाही, भावाची पाटी नाही.
'जरा बघ गं' असं शेजारणीला सांगून
कुणीतरी चहाला उठून गेलंय.

काल चष्मा लावून लिंबं मोजली.
पाच.
टोपलीच्या बाहेर, वांग्यांच्या अंगाला,
पिवळ्या रंगाचा एक ठिपका सांडलाय.
रंगवणाऱ्याचा हात हलला असेल.

नखाने खरवडून पाहिला.
निघत नाही.